दुखणं अंगावर का काढलं जातं? मदत मागण्याच्या निर्णयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अंगावर काढणं’ या शब्दप्रयोगात थोडी तक्रार असते आणि बरंचसं कौतुकही. ‘एवढा ताप, पण बाईने अंगावर काढला हो!’ हे वाक्य रागाने म्हटलंय की अभिमानाने, ते ऐकणाऱ्याला चटकन सांगता येत नाही. खालचे बहुतेक प्रश्न या गोंधळातूनच येतात.

त्रास होतोय हे कळत असूनही माणूस डॉक्टरकडे का जात नाही?

‘मला त्रास होतोय’ आणि ‘मी आजारी आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, म्हणून. पहिलं मनातल्या मनात म्हणता येतं. दुसरं चारचौघांत म्हणावं लागतं आणि ते चारचौघांना पटावंही लागतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी 1951 मध्ये आजारपणाकडे एक सामाजिक भूमिका म्हणून पाहिलं. आजारी ठरलेल्या माणसाला कामातून सूट मिळते, त्याला दोष दिला जात नाही. त्या बदल्यात बरं होण्याची इच्छा आणि योग्य मदत घेण्याची तयारी त्याने दाखवायची असते.

ऐकायला हा व्यवहार सरळ वाटतो, पण ही सूट सगळ्यांना सारखी मिळत नाही. घरातल्या कमावत्याला ती एका शिंकेवर मिळते आणि घर सांभाळणारीला चक्कर येऊन पडल्यावर. कंबर दुखली तर मिळते. ‘झोपावंसंच वाटत नाही, रडूच येतं’ म्हटलं तर बहुधा मिळत नाही. कोणत्या त्रासाला सूट द्यायची, कोणाला द्यायची आणि किती दिवस, हे ज्या अलिखित नियमांनी ठरतं, त्यांनाच या पानावर मी संस्कृती म्हणतोय.

म्हणजे सणवार, पेहराव, धर्म हे नाही?

तेही येतात, पण कडेला. एकाच धर्माच्या, एकच भाषा बोलणाऱ्या दोन घरांत हे नियम वेगळे असू शकतात. पोलिसांची, सैनिकांची, शेतमजुरांची, एवढंच काय डॉक्टरांचीही आपापली संस्कृती असते. डॉक्टर स्वतःचं दुखणं किती अंगावर काढतात, ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

वेदना तर शरीरात होते. तिथे संस्कृती कुठून आली?

1952 मध्ये मार्क झ्बोरोव्स्की यांनी न्यूयॉर्कमधल्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या रुग्णालयात केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. इटालियन वंशाचे आणि ज्यू रुग्ण, दोघेही वेदना मोकळेपणाने बोलून दाखवत. बाहेरून दोघांचं वागणं सारखंच दिसे, पण कारणं निराळी होती. इटालियन रुग्णांना आत्ताची वेदना थांबायला हवी असे. औषध मिळालं, दुखणं थांबलं की ते निवांत होत. ज्यू रुग्णांना मात्र ‘या दुखण्याचा अर्थ काय, पुढे काय होणार’ ही चिंता असे आणि नुसत्या वेदनाशामक गोळीने ती जात नसे. अनेक पिढ्या अमेरिकेत रुजलेल्या कुटुंबांतले रुग्ण तटस्थपणे माहिती दिल्यासारखं बोलत आणि असह्य झालं की माणसांपासून दूर जात.

पुढे 1966 मध्ये अर्व्हिंग झोला यांनी बॉस्टनमध्ये बाह्यरुग्ण विभागात आलेल्या आयरिश आणि इटालियन वंशाच्या लोकांच्या तक्रारी तपासल्या. आयरिश रुग्ण त्रास एका जागी बोट ठेवून सांगत आणि दुखतंय हेच नाकारत. इटालियन रुग्णांच्या तक्रारी जास्त असत, शरीरभर पसरलेल्या असत आणि ‘यामुळे माझी चिडचिड होते, घरात खटके उडतात’ हेही त्यात असे.

हे अभ्यास जुने आहेत आणि त्यांचा दुरुपयोगही पुष्कळ झाला. ‘अमके लोक सहन करतात, तमके कांगावा करतात’ असा कोष्टक बनवून वॉर्डात वापरणं हा त्यातला सर्वात वाईट प्रकार. झ्बोरोव्स्कींच्या अभ्यासात मला खरं मोलाचं वाटतं ते वेगळंच. एकसारख्या कण्हण्यामागे दोन वेगळे प्रश्न असू शकतात, आणि समोरच्याचा प्रश्न कोणता हे त्याच्या आडनावावरून कळत नाही.

मग माणूस शेवटी जातो तरी कधी?

दुखणं सर्वात जास्त असतं तेव्हा जातो, असा आपला समज असतो. झोला यांना तसं दिसलं नाही. लोक बरेच दिवस त्रासाशी जुळवून घेतात आणि ते जुळवून घेणं मोडतं तेव्हा उठतात. तसं होण्याची पाच निमित्तं त्यांनी 1973 मध्ये मांडली: घरात किंवा नात्यात एखादा पेचप्रसंग उभा राहणं, त्रासामुळे चार माणसांत मिसळणं अडणं, दुसऱ्या कुणीतरी ‘आता जाच’ म्हणून भरीला पाडणं, कामधंदा किंवा हालचाल अडणं, आणि मनाशी घातलेली मुदत संपणं.

ही शेवटची मुदत मला फार ओळखीची वाटते. ‘सोमवारपर्यंत बघतो.’ सोमवार येतो, जरा बरं वाटतं, मुदत पुढच्या सोमवारवर जाते. तिसरं निमित्तही नीट पाहा. पुष्कळांना डॉक्टरकडे जायचं असतंच, फक्त ते स्वतःहून मागितल्यासारखं दिसायला नको असतं. कुणीतरी दटावून न्यावं, म्हणजे ‘माझी काही तक्रार नव्हती, यांनीच आणलं’ असं म्हणता येतं. हात धरून नेणारं माणूस नसेल तर ही मंडळी कितीतरी महिने घरीच बसतात.

निर्णय नक्की कोण घेतं? रुग्णच ना?

क्वचित. डॉक्टरच्या आधी सल्ल्यांची एक साखळी असते: घरातलं वडीलधारं माणूस, शेजारीण, औषधाच्या दुकानातला ओळखीचा मुलगा, ‘माझ्या भावालाही अगदी हेच झालं होतं’ म्हणणारा सहकारी. इलियट फ्रायडसन यांनी 1960 च्या सुमारास या बिनडॉक्टरी साखळीचं महत्त्व दाखवून दिलं. रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तोवर त्याचं निदान दोन-तीनदा झालेलं असतं. डॉक्टरांचं मत या जुन्या मतांच्या रांगेत शेवटी येऊन उभं राहतं.

बाळंतपणात ही साखळी जीवावर बेतू शकते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 मध्ये मातामृत्यूंमागे तीन प्रकारचे उशीर असतात असं मांडलं: जायचं ठरवायला होणारा, दवाखान्यापर्यंत पोहोचायला होणारा आणि पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला होणारा. रक्तस्राव होत असलेली बाई ‘चला’ म्हणू शकत नाही. ज्याच्या होकाराशिवाय कुणी हलत नाही, तो माणूस बाहेरगावी असतो. या घटकेला तिला धोक्याची लक्षणं माहीत असून काय उपयोग? म्हणूनच जनजागृतीचं पत्रक फक्त गरोदर बाईच्या हातात देणं मला अर्धवट काम वाटतं. ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याच्या हातात ते पडलं पाहिजे.

हे सगळं शेवटी पैशाचंच नाही का?

बऱ्याचदा हो. आणि ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे उत्तर काढण्याआधी भाडं, बुडणारी मजुरी आणि मागच्या वेळी दवाखान्यात मिळालेली वागणूक यांची चौकशी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. या तीन उशिरांतही दुसरा आणि तिसरा पहिल्याला खतपाणी घालतात. तिथे जाऊन काही होत नाही हे लोकांनी पाहिलेलं असतं, म्हणूनच ते जायचं ठरवत नाहीत.

मनाच्या आजारात एवढा उशीर का होतो?

दोन कारणं. एक म्हणजे बदनामी. दुसरं कारण कमी बोललं जातं: त्रासाला लोकांनी दिलेलं नाव आणि दवाखान्याच्या पाटीवरचं नाव यांचा मेळ बसत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1980 मध्ये चीनच्या हुनान प्रांतात ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असं निदान झालेले 100 रुग्ण तपासले. डोकेदुखी, थकवा, झोप न लागणं या तक्रारी होत्या. त्यांतल्या 87 जणांचा त्रास तीव्र नैराश्याच्या निकषांत बसत होता. या लोकांनी मदत मागितली नव्हती असं नाही. आजूबाजूच्यांना जी भाषा चालत होती, त्या भाषेत मागितली होती.

झिंबाब्वेत शोना भाषेत एक शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार करणं. ‘मला नैराश्य आहे’ म्हणायला जो माणूस तयार नाही, तो ‘विचार थांबतच नाहीत’ हे सांगतो. मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या एंबारे वस्तीत 2006 पासून या शब्दाचा आधार घेऊन काम सुरू केलं. त्यांच्याकडे ना जागा होती ना डॉक्टर. 14 आज्या होत्या आणि आरोग्य केंद्राबाहेर ठेवायला लाकडी बाक. बाकाला ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हणायचं त्यांच्या मनात होतं. आज्यांनी त्यांना बजावलं की या नावाच्या बाकावर कुणी फिरकणार नाही. मग तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. आजी शेजारी बसते, ऐकून घेते, अडचणींतली एक निवडायला लावते आणि तिच्यावर काय करता येईल ते त्या माणसाकडूनच काढून घेते. हरारेतल्या 24 दवाखान्यांत या पद्धतीची शास्त्रीय चाचणी झाली, ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं नेहमीची सेवा घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत उरली होती, बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे 14 टक्क्यांत.

नुसतं नाव बदलून काय होतं?

जपानने ते करून पाहिलं. स्किझोफ्रेनियाला तिथे ‘मन दुभंगल्याचा आजार’ अशा अर्थाचं नाव होतं. ते इतकं जड होतं की डॉक्टरच रुग्णाला सांगायचं टाळत. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने 1993 मध्ये मागणी केली आणि 2002 मध्ये नाव बदलून ‘समन्वय बिघडल्याचा विकार’ अशा अर्थाचं झालं. निदान सांगितल्या गेलेल्या रुग्णांचं प्रमाण 2002 मध्ये सुमारे 37 टक्के होतं, ते दोन वर्षांत 70 टक्क्यांच्या घरात गेलं. आजार तोच राहिला, फक्त डॉक्टरांची जीभ रेटू लागली.

लाजेवर उपाय काय?

पोस्टर नव्हे. ज्याच्याकडे गमावण्यासारखं बरंच आहे, अशा कुणीतरी उघड बोलावं लागतं. 1974 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचा स्तन कर्करोगामुळे काढावा लागला. त्यांनी ते लपवलं नाही आणि त्यानंतर तपासणीला येणाऱ्या स्त्रियांची रीघ लागली. नवीन निदानांच्या आलेखात त्या काळातला उंचवटा आजही दाखवला जातो. जानेवारी 2005 मध्ये नेल्सन मंडेला यांनी आपल्या मुलाचा मृत्यू एड्सने झाल्याचं पत्रकारांना बोलावून सांगितलं. त्या आजाराचं नाव अंत्ययात्रेतही निघू नये असा तो काळ होता.

पुरुष का जात नाहीत?

कारण ‘काही होत नाही मला’ हे वाक्य त्यांना लहानपणापासून पाठ करायला लावलेलं असतं. उपदेश करून ते पुसलं जात नाही. लॉस एंजेलिसमध्ये संशोधकांनी पुरुषांना दवाखान्यात बोलावण्याऐवजी औषधतज्ज्ञालाच केशकर्तनालयात पाठवलं. 52 दुकानं, रक्तदाब वाढलेले 319 कृष्णवर्णीय पुरुष. तिथेच औषध सुरू करून दिलेल्यांचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी 27 अंकांनी उतरला. ज्यांना न्हाव्याने नुसतं ‘डॉक्टरांकडे जा’ सांगितलं, त्यांचा सुमारे 9 अंकांनी. 2018 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर पंधरवड्याला ज्याच्या वस्तऱ्याखाली आपण मान देतो, त्याच्या दुकानात दंडाला पट्टा बांधून घ्यायला कसला कमीपणा!

लोक आधी पारंपरिक उपचारकाकडे जातात. हे अज्ञान नाही का?

अज्ञान म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काही साधत नाही. पुष्कळ लोक दोन्हीकडे जातात आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नाही. गोळी फिट थांबवेल, पण ‘मलाच का, आत्ताच का’ या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते उत्तर दुसरीकडे मिळतं. लाओसहून कॅलिफोर्नियात आलेल्या मोंग समाजात अपस्माराच्या नावाचा अर्थ ‘दुष्ट शक्ती पकडते आणि माणूस पडतो’ असा आहे. हा त्रास त्यांच्या दृष्टीने गंभीर असतो आणि त्याच वेळी काही प्रमाणात सन्मानाचाही, कारण पुढे जाऊन शमन, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारे उपचारक, होणाऱ्यांना तो होतो अशी धारणा आहे. आता डॉक्टर म्हणाले ‘हा फक्त मेंदूतला बिघाड आहे’, तर आईवडिलांच्या कानावर अर्धीच गोष्ट पडते. राहिलेली अर्धी ते डॉक्टरांना सांगत नाहीत. घरी दुसरा काय उपचार चाललाय आणि गोळ्या का बंद केल्या, हेही मग सांगत नाहीत.

धोका इथे आहे. उपचारकाकडे जाण्याने झालं नसतं एवढं नुकसान ते डॉक्टरांपासून लपवण्याने होतं. काही जडीबुटी औषधांशी भांडतात आणि ज्याच्यावर खेकसलं गेलंय तो त्या जडीबुटीचं नाव घेत नाही. अर्थात फसवणारे, मारहाण करणारे, चालू औषध बंद करायला लावणारे उपचारक असतात. त्यांच्याबाबत संस्कृतीचा मान वगैरे ठेवण्याचं कारण नाही.

काही समाजांचा डॉक्टरांवर विश्वासच नसतो. तो कसा बदलायचा?

आधी तो अविश्वास कुठून आला ते बघा. अमेरिकेत टस्कीगी इथे 1932 पासून 40 वर्षं सरकारी आरोग्य खात्याने 399 सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांवर ‘लक्ष ठेवलं’, उपचार मात्र दिले नाहीत. 1940 च्या दशकात पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही दिले नाहीत. 1972 मध्ये हे वर्तमानपत्रांतून फुटलं. राष्ट्राध्यक्षांची माफी यायला 1997 उजाडलं. 1972 नंतर वयस्क कृष्णवर्णीय पुरुषांचं दवाखान्यात जाणं कमी झालं, असं अर्थशास्त्रज्ञांनी पुढे दाखवलं. याला अंधश्रद्धा म्हणणार? ही तर आठवण आहे, आणि बरीचशी रास्त.

साथीच्या वेळी तरी शास्त्रासमोर रीतीरिवाज बाजूला ठेवायला नकोत का?

2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा सुरुवातीला हेच केलं गेलं. मृतदेहातून संसर्ग होतो हे खरंच होतं. म्हणून अंगभर पांढरा पोशाख घातलेली माणसं येत, मृतदेह पिशवीत घालून नेत आणि कधी कधी घरच्यांना तो कुठे पुरला हेही कळत नसे. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसं लपवू लागले, रात्री गुपचूप दफन करू लागले. गिनीत आरोग्य पथकावर प्राणघातक हल्लाही झाला. मानववंशशास्त्रज्ञ आणि धर्मगुरूंशी बोलून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2014 मध्ये दफनाची पद्धत बदलली. मृतदेहाला स्पर्श नाहीच. पण घरच्यांनी सुरक्षित अंतरावरून पाहायचं, प्रार्थना म्हणायची, कबर खणण्यात हातभार लावायचा आणि तिच्यावर नाव घालायचं. संसर्ग रोखायला हवी होती ती कडक बंदी एवढीच होती. बाकीची माणुसकी नुसत्या घाईपोटी कापली गेली होती.

डॉक्टरांच्या संस्कृतीचं काय?

ती फार वेगाने बदलते आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतःला शाश्वत सत्य समजते! अमेरिकेत 1961 च्या एका पाहणीत 90 टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाच्या रुग्णाला निदान न सांगण्याकडे होता. तीच प्रश्नावली 1970 च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा दिली, तेव्हा 97 टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते.

रुग्णांकडेही असंच एकमत नाही. 1995 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या 800 ज्येष्ठांची पाहणी प्रसिद्ध झाली. पसरलेल्या कर्करोगाचं निदान रुग्णाला सांगावं का, या प्रश्नाला युरोपीय वंशाच्या 87 टक्के लोकांनी होकार दिला, कोरियन वंशाच्या 47 टक्के. आता हा 47 चा आकडा पुन्हा बघा. म्हणजे कोरियन गटातही जवळजवळ निम्म्यांना सांगितलेलं हवंच होतं. समोर बसलेली आजी कुठल्या निम्म्यात आहे, हे तिलाच विचारावं लागणार: ‘तपासणीत काय निघालं ते तुम्हाला स्वतःला ऐकायचंय, की घरच्या कुणाशी बोलू?’ तिच्या मुलाला विचारून हे कळत नाही.

मी आरोग्यसेवेत काम करतो. नेमकं काय विचारू?

क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये काही साधे प्रश्न सुचवले, ते अजून जुने झालेले नाहीत. या त्रासाला तुम्ही काय म्हणता? कशामुळे झाला असं वाटतं? तेव्हाच का सुरू झाला असावा? किती गंभीर वाटतो? यावर कोणता उपचार व्हायला हवा? यामुळे सगळ्यात जास्त काय अडलंय? आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? वेळ एकाच प्रश्नापुरता असेल, तर भीतीचा विचारा.

आणि दुभाषा म्हणून घरातलं मूल वापरू नका. दहा वर्षांच्या मुलीला आईच्या पाळीबद्दलचा प्रश्न भाषांतरित करायला लावलं, तर दोघी मिळून खोटं उत्तर देतील.

घरातलं माणूस जायला तयारच नाही. काय करू?

वाद घालू नका. त्याने मुदत घातली असेल तर ती पक्की करून घ्या: ‘गुरुवारपर्यंत खोकला राहिला तर जायचं, ठरलं?’ तो ज्याचं ऐकतो ते माणूस शोधा. बहुधा ते तुम्ही नसता. ‘आजार’ हा शब्द टोचत असेल तर झोपेबद्दल, भुकेबद्दल, कामातल्या लक्षाबद्दल बोला आणि सोबत जा.

काही गोष्टींत मात्र मुदत वगैरे नाही, तडक निघायचं. अचानक तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं किंवा बोबडी वळणं, छातीत दाबल्यासारखं दुखणं, गरोदरपणात रक्तस्राव, पाच मिनिटांत न थांबणारी फिट, आणि कुणी जीव द्यायची भाषा करणं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. साखळीतल्या सगळ्यांचं मत घेत बसलात तर ते तास संपतात.

डॉक्टरांसमोर बसल्यावर खरी गोष्ट तोंडातून निघतच नाही. काय करावं?

हे फार जणांचं होतं. खोकल्याबद्दल बोलणं होतं, चिठ्ठी लिहून होते, माणूस उठतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि मागे वळून म्हणतो, ‘आणखी एक विचारायचं होतं, तसं काही विशेष नाही...’ तो खरं तर त्या ‘विशेष नाही’साठीच आलेला असतो. तोवर पुढच्या रुग्णाचं नाव पुकारलं गेलेलं असतं.

घरून निघताना ते वाक्य कागदावर लिहा. एकच ओळ, शब्द कसेही असोत. बसल्या बसल्या, नाव-वय सांगायच्याही आधी, तो कागद टेबलावर सरकवा. बोलायची गरज नाही. बाकीचं डॉक्टर विचारतील.